सभासद म्हणावं की सदस्य? वाचनालयाच्या फॉर्मवरून पडलेला प्रश्न

जुनी_वही

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या गावात (तालुक्याचं ठिकाण आहे, नाव नाही लिहीत) एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे आणि गेली चार वर्षं मी तिथे कार्यकारिणीवर आहे. यंदा घटनादुरुस्ती करायची आहे, फॉर्म आणि कार्डंही नवीन छापायची आहेत. तर मागच्या मीटिंगला दोघातिघांनी सूर लावला की 'सभासद' हा शब्द फार जुनाट वाटतो, कॉलेजातली मुलं फॉर्म हातात घेतात आणि विचारतात हे काय असतं, त्यामुळे सगळीकडे 'सदस्य' करून टाकू. एक जण तर म्हणाला सरळ 'मेंबर' छापा, तोंडाने सगळे तेच म्हणतात. मी म्हटलं नको, राहू दे 'सभासद'. का नको विचारलं तर मला धड काही सांगताच आलं नाही. नुसतं "बरं वाटतं कानाला" एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत रुखरुख लागून राहिली.

माझ्याकडे आजीचं त्याच वाचनालयाचं कार्ड आहे. खाकी पुठ्ठा, कडा वापरून वापरून कापडासारख्या मऊ झाल्यात. वर छापलंय 'सभासद क्रमांक', पुढे शाईने २१२. खाली 'वर्ग दुसरा' आणि 'अनामत रु. ५'. मागच्या बाजूला तारखांचे जांभळे शिक्के एकावर एक इतके दाट की शेवटच्या ओळी वाचताच येत नाहीत. नाव मात्र आजोबांचं, त्याच्याआधी 'सौ.' लावून. आजीचं स्वतःचं नाव त्या कार्डावर कुठेच नाही.

तर प्रश्न असा, की सभासद आणि सदस्य यांच्या अर्थात खरंच काही फरक आहे का, की नुसता जुना शब्द आणि नवा शब्द? तुमच्याकडे कोण काय म्हणतं तेही सांगा. पुढची सभा तीन आठवड्यांनी आहे, तोवर मला उत्तर हवंय.

ठाणेकर_७२

जुनाट कसला हो, आमच्या हाउसिंग सोसायटीत रोजच्या वापरातला शब्द आहे. नोटीस निघते तीच मुळी "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" अशी. आय रजिस्टर म्हणजे सभासद नोंदवही, जे म्हणजे सभासदांची यादी. शिवाय थकबाकीदार सभासद, सहयोगी सभासद, नाममात्र सभासद. मी दोन वर्षं सेक्रेटरी होतो, 'सदस्य' हा शब्द आमच्याकडे फक्त कमिटीवाल्यांना लागायचा. फ्लॅटचा मालक तो सभासद आणि कमिटीत निवडून आला की 'समिती सदस्य'. त्यामुळे माझ्या डोक्यात तरी हिशोब साधा आहे, संस्थेचे सभासद आणि समितीचे सदस्य.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, तिथेही लहानपणापासून 'सभासद वर्गणी' हेच ऐकत आलोय. वडील महिन्याच्या पहिल्या रविवारी मला घेऊन वर्गणी भरायला जायचे.

कोरडवाहू

आमच्या गावात मेंबर म्हणजे ग्रामपंचायतीचा, बाकी कोणाला मेंबर म्हणत नाहीत. "मेंबर आले का" म्हटलं की सगळ्यांना कळतं कोण ते. वाचनालयाच्या कार्डावर मेंबर छापलं तर आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतील हे कधी निवडून आले.

अमरवेल

जुनी_वही, फार चांगला प्रश्न काढलात. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून थोडं सांगतो.

दोन्ही शब्दांत धातू एकच आहे, 'सद्', म्हणजे बसणे. सभासद् म्हणजे सभेत बसणारा. सदस्य हा 'सदस्' वरून आला. सदस् म्हणजेही बसायची जागा, पण ती यज्ञाच्या मंडपातली, सोमयागात एक खास मांडव घालायचे त्याचं नाव सदस्. त्यात बसून सगळं विधीप्रमाणे चाललंय ना हे बघणारा तो सदस्य. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, हे दोन्ही शब्द एकाच श्लोकात शेजारी शेजारी येतात. आधी "सदस्या विधिदर्शिनः", आणि लगेच पुढे "सभासदः सभास्ताराः सभ्याः सामाजिकाश्च ते". म्हणजे सदस्य हा देखरेख करणारा आणि सभासद हा सभेतला माणूस, त्यालाच सभ्य आणि सामाजिक हेही शब्द. आज आपण एखाद्याला सभ्य म्हणतो ते सभेत बसायला लायक या अर्थावरून आलंय. जुन्या व्याख्यानांची सुरुवात "सभ्य गृहस्थहो" अशी व्हायची, त्याचा मूळ अर्थ समोर सभेत बसलेल्या मंडळींनो इतकाच.

अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन मुली म्हटलंय, आणि त्याच सूक्तात मागणं आहे, "ये ते के च सभासदस्ते मे सन्तु सवाचसः". हे सभे, तुझे जे कोणी सभासद असतील त्यांची वाणी माझ्याशी जुळो. सभेत उभं राहून बोलायची वेळ ज्याच्यावर आली असेल त्यालाच हे मागणं पुरतं कळेल.

पुढे धर्मशास्त्रात सभासद हा न्यायसभेतला माणूस झाला. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुसराच श्लोक आहे, "श्रुताध्ययनसंपन्ना धर्मज्ञाः सत्यवादिनः । राज्ञा सभासदः कार्या रिपौ मित्रे च ये समाः". राजाने सभासद कोणाला करावं, तर शिकलेल्या, धर्म जाणणाऱ्या, खरं बोलणाऱ्या आणि शत्रू असो की मित्र दोघांशी सारखं वागणाऱ्या माणसाला. मला विचाराल तर या शब्दाची ही सगळ्यात मोठी इभ्रत आहे.

घाटमाथा

अमरवेल सर, माहिती उत्तम, पण एक विचारतो, राग मानू नका. त्या सभेत बसायचा अधिकार कोणाला होता? माझ्या पणजोबाला कोणी त्या सभेच्या दारातही उभं केलं नसतं. शब्दाची इभ्रत सांगताना बाहेर कोण उभं होतं हेही सांगायला हवं, नाहीतर शब्द नुसता सोवळ्यातला होऊन बसतो. मला तर याच कारणासाठी 'मेंबर' बरा वाटतो, त्याच्यामागे कोणाची जात नाही.

अमरवेल

राग कसला, बरोबर बोललात. त्या सभेचं दार बहुतेकांना बंदच होतं आणि बायकांनाही बंद होतं. मी शब्दाचं मूळ सांगितलं, ती व्यवस्था परत यावी असं माझ्या मनातही नाही. पण शब्दाचं नशीब पुढे बदललं, ते इथे कोणी आधुनिक काळाचं जाणकार असेल तर सांगावं.

मोडीवाचक

मधला काळ मी सांगते. मोडी कागद वाचायचं काम करते त्यामुळे हे रोज समोर असतं.

गावातला वतनाचा, शिवेचा, पाटीलकीचा तंटा निकालात काढायला जी सभा बसायची तिचा कागद म्हणजे महजर. त्यात आधी 'हाजीर मजालस' म्हणून यादी असते, म्हणजे त्या सभेला जातीने हजर असलेले लोक. यादीत देशमुख देशपांडे असतात, पाटील कुलकर्णी असतात आणि बलुतेदारही असतात. सगळ्यांनाच लिहिता यायचं नाही, म्हणून नावापुढे निशाणी काढायचे. शेतकऱ्याची निशाणी नांगर. कागद उलगडत जावं तर खाली बारीक बारीक नांगर काढलेले दिसतात, कोणाचा हात थरथरलेला, कोणाचा ठसठशीत. आता बघा, हाजीर मजालस हा फारसी जोड आणि सभासद हा संस्कृत, पण अर्थ अगदी तोच आहे, सभेत येऊन बसलेला माणूस. आणि घाटमाथा, या यादीत नांगरवाले होते हे मुद्दाम सांगते. सगळं समान होतं असं म्हणत नाही, मानपान आणि बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, पण त्यांची निशाणी कागदावर लागत होती.

आणि सभासद म्हटल्यावर कृष्णाजी अनंत सभासद आठवतातच. शिवाजी महाराजांच्या पदरी होते आणि पुढे जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी महाराजांची बखर लिहिली, तिला आपण सभासदाची बखर म्हणतो. तिथे सभासद ही त्यांची ओळखच होऊन गेली.

कऱ्हाकाठ

१८७० सालच्या २ एप्रिलला पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी काढली. सुरुवात पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींवरून झाली होती. तिचा सभासद व्हायचं तर नुसती वर्गणी भरून भागायचं नाही, किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. पहिल्याच खेपेला पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. देशात काँग्रेस निघायला अजून पंधरा वर्षं होती!

मग तीनच वर्षांनी, १८७३ला, जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि तिथे जातीची अटच नव्हती. घाटमाथा, दार कोणी उघडलं म्हणाल तर ते तिथे उघडलं. त्यामुळे सभासद हा शब्द पार स्मृतीतून थेट आपल्या वाचनालयाच्या फॉर्मवर आलेला नाही, मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनी तो हातात घेऊन चांगला घासून पुसून घेतलाय.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. पन्नास सह्यांचं तर अजिबात नव्हतं. ठीक आहे, अर्धा विरोध मागे घेतो.

उसाचा_मळा

आमच्याकडे या शब्दाला केवढं वजन आहे ते इथे कोणी अजून लिहिलंच नाही म्हणून लिहितो. साखर कारखान्याचा सभासद. गावात लग्न जमवताना सांगतात ना, "मुलाचे वडील कारखान्याचे सभासद आहेत", म्हणजे समोरच्याला समजतं की ऊस आहे, पाणी आहे आणि कारखान्यात नाव आहे. सभासद आणि बिगरसभासद यात जमीन अस्मानाचा फरक. दिवाळीला सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते, त्याचं कार्ड असतं, ते कार्ड आई देवघराच्या कप्प्यात ठेवायची. तोडीच्या वेळी आधी सभासदाचा ऊस हे तर सगळ्यांना पाठ. प्रवरानगरला १९५०ला राज्यातला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून एक सभासद एक मत हेच चालत आलंय, शेअर एक असू दे नाहीतर दहा असू देत, मत एकच. आमच्या आजाला त्याचं फार होतं, म्हणायचा बागायतदाराचं मत आणि माझं मत एकाच पेटीत पडतं.

वार्षिक सभेला मांडव घालतात, अहवालाची जाड पुस्तकं वाटतात, आणि विषयपत्रिकेवर काही असो, पहिल्यांदा त्या वर्षात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली. सगळे उभे राहतात. 'मयत सभासद' हा शब्द तिथलाच. मग त्यांचा शेअर वारसाच्या नावावर करायचा. वडील गेले त्या वर्षी मी पहिल्यांदा त्या मांडवात उभा होतो, दोन मिनिटं. त्यानंतर शेअर माझ्या नावावर झाला आणि पुढच्या वर्षी नोटीस माझ्या नावाने आली, "सन्माननीय सभासद बंधू आणि भगिनींनो". आता 'सन्माननीय सदस्य' म्हणून बघा, विधानसभेत बसल्यासारखं वाटतं. आणि 'मेंबर बंधू भगिनींनो' तर कोणीच म्हणणार नाही.

बडोदेकर_मी

आमची चौथी पिढी बडोद्यात, घरात मराठी आणि बाहेर गुजराती. इथे मजा आहे. अमरवेलांनी सांगितलेला तो अमरकोशातला 'सभ्य' गुजरातीत अजून जिवंत आहे, मेंबर या अर्थाने! आमदाराला धारासभ्य म्हणतात. क्लबचा, मंडळाचा मेंबर तो सभ्य. आणि दूध मंडळीचा, म्हणजे दुधाच्या सहकारी संस्थेचा, जो मेंबर असतो, रोज सकाळ संध्याकाळ दूध घालणारा, तो मात्र सभासद. म्हणजे इथेही सहकाराने सभासद धरून ठेवलाय. तेलुगूतही मेंबरला सभ्युडु म्हणतात, माझी सून तिकडची आहे. लहानपणी मला वाटायचं की सगळे गुजराती आमदार फार सभ्य असणार म्हणून तसं नाव ठेवलंय.

पोफळीची_बाग

गोव्यातून. कोंकणीत आम्ही वांगडी म्हणतो. विधानसभेचो वांगडी, समितीचो वांगडी. वांगडा म्हणजे सोबत, बरोबर. "म्हज्या वांगडा यो" म्हणजे माझ्याबरोबर ये. म्हणजे तुमच्या शब्दात बसणं आहे आणि आमच्या शब्दात सोबत चालणं आहे. मराठी वाचनालयात गेलो की सभासद, पंचायतीत गेलो की वांगडी. मला दोन्ही आवडतात.

दिंडी_क्रमांक

पोफळीची_बाग, सोबत चालण्यावरून आठवलं, आमच्या दिंडीत ना सभासद ना सदस्य. टाळकरी, विणेकरी, पताकावाले अशी कामावरून नावं. जेवणाखाण्याचे पैसे भरतो त्याला भिशी म्हणतात. "यंदा भिशी भरली का" विचारलं की झालं, तो दिंडीत. वहीत नाव असतं पण त्या नावाला वेगळा शब्द नाही, सगळे माउली.

निर्मळ_वारा

मला बायकांचं बोलायचंय. जुनी_वहीने कार्डावरच्या 'सौ.'चं लिहिलं ते वाचून थांबले.

'सदस्य' ला 'सदस्या' होतो. बचत गटाच्या कागदांवर 'महिला सदस्या' असं लिहितात, म्हणजे महिलाही आणि सदस्याही. सभासदाला असं काही होत नाही, तो सभासद आणि ती पण सभासद. मला हे आवडतं. मी गटाची सचिव आहे सहा वर्षं, प्रोसिडिंग मीच लिहिते. वर लिहिते 'हजर सभासद' आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेते. सुरुवातीला चौघी अंगठा लावायच्या, आता एकच लावते आणि ती पण म्हणते पुढच्या महिन्यापासून सही.

पण सोसायटीतला तो 'सहयोगी सभासद' मला खुपतो. घर दोघांच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून, पण शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव नवऱ्याचं म्हणून २०१९च्या कायदादुरुस्तीपर्यंत तो सभासद आणि मी सहयोगी. पहिल्या नावाचा माणूस सभेला नसेल तरच मी बोलणार आणि मत देणार. हे मी आमच्या सभेत बोलून दाखवलं तर एका गृहस्थांनी सांगितलं वहिनी तुम्ही चहाचं बघा. मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग मला आजही स्वतःचाच येतो. नवीन फ्लॅट घेणाऱ्या मुलींना मी आता आधीच सांगते, पहिलं नाव कोणाचं लावायचं ते घर बघायला जाताना ठरवा.

अमरवेल

निर्मळ_वारा, मनुस्मृतीत बाकी पुष्कळ न पटणारं आहे, पण आठव्या अध्यायात एक ओळ आहे, "सभां वा न प्रवेष्टव्यं वक्तव्यं वा समञ्जसम्". एकतर सभेत जाऊ नये, आणि गेलात तर योग्य ते बोललंच पाहिजे. पुढे म्हटलंय की जो गप्प बसतो आणि जो खोटं बोलतो ते दोघेही पापी. ही ओळ तुम्हाला लागू नाही, तुम्ही बोललात. ती त्या सभेत बसून ऐकत राहिलेल्या बाकीच्यांना लागू आहे.

निर्मळ_वारा

🙏 सर.

टेकडीवरचा

पुण्यात आणखी एक सभासद होता तो सांगायलाच हवा, आजीव सभासद. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ला निघाली, तिचे आजीव सभासद म्हणजे पैसे भरून होणारे नव्हेत, आयुष्य देऊन होणारे. गोखले आजीव सभासद झाले ते वीस वर्षं पंचाहत्तर रुपये पगारावर शिकवायचं अशी शपथ घेऊन. १८९०ला टिळक तिथून बाहेर पडले त्यातही मुद्दा हाच होता की आजीव सभासदाने बाहेरचं काम करून कमाई करावी का नाही. म्हणजे एका शब्दाच्या अर्थावरून माणसं इतकी पेटून उठत होती. कर्वेही आजीव सभासद होते.

आणि आज? कुठल्याही मंडळात एकदाच ठरावीक रक्कम भरली की तुम्ही आजीव सभासद, मग जन्मात पुन्हा त्या दारात पाय टाकला नाही तरी चालतं. माझ्याकडे असली तीन कार्डं आहेत, एका संस्थेत तर कार्ड घेतलं त्या दिवसानंतर मी गेलेलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. झिजत झिजत शब्दाचा अर्थ असा पार उलटा झाला, देणाऱ्याचा घेणारा झाला.

लंडनची_आत्या

इकडे लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. मी आले तेव्हा जुनी मंडळी सभासदच म्हणायची, आताची मुलं मेंबर. भांडण नाही. पण गणपतीत पाटावर बसून जेवायला येतो तो कार्डवाला आहे का बिनकार्डवाला कोणी विचारत नाही, येऊन बसलात म्हणजे आमचे झालात. बसणं हा त्या शब्दाचा अर्थ वाचून मला तेच आठवलं.

ठाणेकर_७२

वरचं सगळं वाचून मला आमच्या नोटिशीतली एक ओळ आठवली, प्रत्येक सोसायटीच्या, प्रत्येक मंडळाच्या नोटिशीत असते. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." गणपूर्ती म्हणजे कोरम, सभेला हवीच अशी किमान हजेरी. मी सेक्रेटरी असताना ती ओळ दर वर्षी कॉपी पेस्ट करत होतो. शंभरावर सभासद आणि खुर्च्या मांडायच्या तीस, त्यातल्या पण रिकाम्या राहायच्या. साडेपाचला अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणायचे चला, झाला अर्धा तास. सभेत बसणारा तो सभासद असेल तर आम्ही दर वर्षी नोटिशीतच छापून देत होतो की सभासद नसले तरी चालतील. हे कधी डोक्यात आलंच नाही.

जुनी_वही

ठाणेकर, ही ओळ आमच्याही नोटिशीत आहे. तुमचं वाचून मी ती रात्री काढून बघितली. आता सभेनंतरच लिहिते.

कोरडवाहू

काय झालं कळवा हां.

जुनी_वही

झाली सभा. सविस्तर लिहिते.

आधी मी एक केलं. नोटीस दर वेळेला फळ्यावर लागते आणि पेपरात एक बारीक चौकट येते, तेवढंच. या वेळी मी आणि ग्रंथपालबाईंनी रजिस्टर घेऊन गावातल्या गावात जेवढ्यांकडे जाता येईल तेवढ्यांकडे जाऊन सांगितलं. काही घरी म्हणाले अहो आम्ही फक्त पुस्तकं बदलायला येतो, सभेचं आम्हाला काय. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सभासद म्हणजे मला सभेत बसता येतं? बोलता पण येतं?" मी म्हटलं हो, मत पण देता येतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं पुस्तकं नेतोय.

पाचला एकतीस जण होते. गणपूर्ती पंचवीसची. तहकूब करावी लागली नाही, ग्रंथपालबाई म्हणाल्या त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदा बघतायत. चहा कमी पडला, परत टाकावा लागला.

शब्दाचा विषय आला तेव्हा मी तुम्ही सांगितलेलं जमेल तसं मांडलं. सदस्य मांडवातला देखरेखवाला, सभासद सभेत बसणारा, पन्नास सह्या, नांगराच्या निशाण्या, कारखान्यातली श्रद्धांजली, सगळं. आवाज कापत होता पण बोलले. ज्यांना मेंबर हवं होतं तेच म्हणाले की असं असेल तर राहू दे. घटनेत आणि कार्डावर 'सभासद' राहिला. कार्यकारिणीला 'कार्यकारिणी सदस्य' म्हणायचं, ठाणेकरांच्या हिशोबाप्रमाणे. आणि कार्डावर फक्त स्वतःचं नाव, कोणाची सौ. नाही, कोणाचा पत्ता नाही, हे निर्मळ_वारामुळे सुचलं. त्या तरुण मुलाने आणखी एक सुचवलं की फॉर्मवर तळाला दोन ओळी छापा, सभासदाला वार्षिक सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. तेही मंजूर झालं. 'सभासद म्हणजे काय' हा त्याचा प्रश्न फॉर्मवरच सुटला.

आता खरं सांगायचं ते वेगळंच आहे. जुन्या घटनेची प्रत हवी म्हणून ग्रंथपालबाईंनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं होतं, त्यात जुनी प्रोसिडिंग बुकं निघाली. कापडी बांधणीची, वाळवीने एका कोपऱ्यात नक्षी केलेली. मी सहज १९६१चं चाळलं. 'हजर सभासद' म्हणून तेवीस सह्या, आणि सतराव्या ओळीत आजीची सही. स्वतःच्या नावाची. अक्षर मी ओळखलं, लोणच्याच्या बरण्यांवर ती तसंच लिहायची, 'ल' ला मोठी गाठ देऊन. बाईमाणूस त्या पानावर ती एकटीच होती.

खाली ठराव क्रमांक चार. स्त्रियांना संध्याकाळी येणे सोयीचे नसल्याने वाचनालय दुपारी तीन ते पाच उघडे ठेवावे. सूचक म्हणून आजीचं नाव, अनुमोदक म्हणून एका गृहस्थांचं. चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.

आमचं वाचनालय आजही दुपारी तीनला उघडतं. आजूबाजूची सगळी चारनंतर उघडतात. आमचं तीनला का, हे कार्यकारिणीत कोणालाच माहीत नव्हतं, मला पण नव्हतं.

मोडीवाचक

त्या पानाचा नीट फोटो काढून ठेवा, दोन प्रती करा. आणि कपाटात डांबर गोळ्या टाकू नका, कोरडी कडुनिंबाची पानं ठेवा आणि पुस्तकं उभी न ठेवता आडवी ठेवा.

जुनी_वही

हो. उद्या दुपारी तीनला जातेय.